अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं अपग्रेड घ्यायचं का? आधी आपली बिलं मोजा

मार्च जवळ आला की दुकानदारांना फोन सुरू होतात. "शेठ, तुमचं रिन्यूअल संपतंय. नवीन व्हर्जन आलंय, जीएसटीचं सगळं त्यात आहे. ३१ तारखेपर्यंत घेतलं तर सवलत." समोरचा माणूस ओळखीचा असतो, रक्कमही फार मोठी वाटत नाही. काहीजण न विचारता पैसे भरतात, तर काहीजण "जुनं चाललंय की" म्हणून फोन ठेवतात. दोन्ही निर्णय अंदाजानेच होतात. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या व्यापाऱ्याचा माल कोल्हापूरला आणि गोव्याला जातो. त्यामुळे त्याचा हिशेब राज्याच्या आतच विकणाऱ्यापेक्षा थोडा वेगळा असतो. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या ज्या व्यापाऱ्यांचा माल राज्याबाहेर जातो, त्यांनाही हेच लागू आहे.

पैसे नेमके कशाचे?

पहिला प्रश्न हा विचारा: पैसे भरले नाहीत तर काय बंद पडेल?

काही सॉफ्टवेअरचा परवाना कायमचा असतो. टॅलीचं उदाहरण घ्या. परवाना एकदा विकत घेतला की तो राहतो, आणि 'टीएसएस' नावाची सेवा ठरावीक मुदतीने रिन्यू करावी लागते. ती संपली तरी बिलं बनतात, खाती दिसतात. नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सेवा मात्र मिळत नाहीत. दुसरा प्रकार भाड्याचा. त्यात मुदत संपली की नवीन नोंद करणंच अडू शकतं. पहिल्या प्रकारात तुम्ही सोयीचे पैसे भरता, दुसऱ्यात वापराचे. आपला परवाना कोणता, हे जुन्या खरेदी बिलावर बघा किंवा डीलरकडून लिहून घ्या.

दर बदलला म्हणून अपग्रेड लागत नाही

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, ५ आणि १८ हे मुख्य टप्पे राहिले. दर ही सॉफ्टवेअरमध्ये आपण भरायची माहिती आहे. जुन्या आवृत्तीतही वस्तूच्या खात्यात जाऊन ती बदलता येते. तेवढ्यासाठी पैसे भरायची गरज नाही.

नमुना बदलला की गोष्ट वेगळी होते. मे २०२५ पासून जीएसटीआर-१ मधला १२ नंबरचा तक्ता, म्हणजे एचएसएन कोडनुसार गोषवारा, दोन भागांत द्यावा लागतो: नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री वेगळी आणि साध्या गिऱ्हाइकांना केलेली वेगळी. जुनं सॉफ्टवेअर हा तक्ता जुन्याच पद्धतीने काढणार. मग तो हाताने वेगळा करावा लागतो. बिलं मोजकी असतील तर जीएसटी पोर्टलवरच्या मोफत ऑफलाइन टूलमध्ये हे जमतं. शेकड्यांनी असतील तर दर महिन्याला हिशेबनिसाचे तास जातात.

कायद्याने लागतं ते कोणाला?

"सरकारने सक्तीचं केलंय" हे वाक्य प्रत्येकाला लागू नसतं. तीन गोष्टी तपासा.

ई-इनव्हॉइस: १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, तीही मुख्यतः नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीसाठी. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तरी ती लागू होते. इथे सीमाभागातल्यांनी सावध राहायला हवं. उलाढाल पॅननुसार मोजतात, राज्यानुसार नाही. बेळगावचं दुकान ३ कोटींचं आणि त्याच पॅनवरची कोल्हापूरची शाखा अडीच कोटींची असेल, तर तुम्ही मर्यादेच्या वर आहात.

एडिट लॉग: कोणती नोंद कधी बदलली याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना सक्तीचं आहे. म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड वगैरे. एकट्याच्या मालकीचं दुकान किंवा भागीदारी फर्म यांना हा नियम नाही. तुमची कंपनी असेल आणि जुन्या आवृत्तीत ही सोय नसेल, तर अपग्रेड टाळू नका.

ई-वे बिल: बेळगावचा माल चंदगडला गेला तरी तो आंतरराज्य. ५० हजारांच्या वर किंमत असेल तर सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागतं. पण ते सरकारी पोर्टलवर मोफत बनतं. सॉफ्टवेअरमुळे फक्त परत टाईप करणं वाचतं. कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकताच येत नाही, त्यामुळे विक्रीच्या आयजीएसटी बिलांची नवी सोय त्याच्या कामाची नाही.

आता बेरीज

समजा रिन्यूअल ५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ९०० रुपये. नेहमीच्या पद्धतीने कर भरणाऱ्याला ते ९०० इनपुट क्रेडिट म्हणून वजा मिळतात. त्याचा खरा खर्च ५,०००. कंपोझिशनवाल्याला क्रेडिट नाही, त्याला पूर्ण ५,९००. म्हणजे ज्याला फायदा कमी, त्यालाच महाग.

हिशेबनिसाचा पगार १५,००० धरा. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे तासाला साधारण ७२ रुपये. एक ई-वे बिल पोर्टलवर हाताने भरायला ५ मिनिटं लागतात असं समजा. महिन्याला ४० बिलं असतील तर २०० मिनिटं, म्हणजे २४० रुपये. वर्षाचे २,८८०. इथे ५,००० वसूल होत नाहीत. १०० बिलं असतील तर महिन्याला ६००, वर्षाला ७,२०० रुपये. इथे फायदा आहे. या आकड्यांवर बरोबरी होते महिन्याला ७० बिलांच्या आसपास. तुमचा पगार, तुमची मिनिटं घालून हीच बेरीज करा.

टाईप करताना होणारी चूकही यात धरा. गाडीचा नंबर किंवा रक्कम चुकून गाडी तपासणीत अडली तर एका फेरीत वर्षाचं रिन्यूअल निघून जातं. परराज्यात रोज गाडी जाणाऱ्याने ही जोखीम जास्त धरावी.

दोन राज्यांत दुकान असेल तर

कर्नाटकचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने, गोव्याचा ३० ने. एकाच मालकाची दोन राज्यांत दुकानं असली की नंबर दोन, रिटर्न दोन. बेळगावच्या दुकानातून कोल्हापूरच्या आपल्याच शाखेला माल पाठवला तरी आयजीएसटी लावून बिल करावं लागतं. टॅलीप्राइमच्या २०२३ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून एकाच कंपनीखाली अनेक जीएसटी नंबर ठेवता येतात. त्याआधी वेगवेगळ्या कंपन्या उघडून शेवटी बेरीज जुळवावी लागायची. अशा व्यापाऱ्याला अपग्रेडचा खरा उपयोग होतो. एकाच दुकानवाल्याने मात्र या सोयीचं कौतुक ऐकून पैसे भरू नयेत.

घ्यायचं ठरलं तर

आधी सीएला विचारा. तुमची आवृत्ती नवी आणि त्यांच्या ऑफिसात जुनी असेल, तर तुमचा डेटा त्यांच्याकडे उघडणार नाही. डेटा एकदा नव्या आवृत्तीत गेला की जुन्यात परत आणता येईल असं धरून चालू नका. म्हणून बदलण्याआधी बॅकअप घ्या, एक कॉपी पेनड्राइव्हवर दुकानाबाहेर ठेवा. नवं व्हर्जन आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल का, हेही आधीच विचारा. नाहीतर ५,००० च्या सॉफ्टवेअरसाठी नवा कॉम्प्युटर घ्यायची वेळ येते.

दिवसही बघून घ्या. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि ३-बी साठी २० तारीख असते. त्या आठवड्यांत हात लावू नका. २० तारीख उलटल्यावर निवांत बदला, आणि पहिल्या महिन्यात जुनी शिल्लक, स्टॉक आणि येणी नव्या आवृत्तीत जुळतात का ते एकदा बसून तपासा.

आणि पुढचा फोन आला की डीलरला एवढंच विचारा: "माझ्या दुकानाला यातली कोणती गोष्ट लागते?" उत्तरात तुमच्या धंद्यातलं एकही काम आलं नाही, तर यंदा थांबायला हरकत नाही.