काही कारणास्तव

"३२ पॉइंट ४," शिपाईमामा मोठ्यानं वाचतात आणि खात्री करायला ती तापाची बंदूक स्वतःच्या तळहातावर धरून बघतात. समोरचं पोरगं रिमझिम पावसातून तीन किलोमीटर सायकल मारत आलंय, कपाळ गार पडलंय. आकडा खरा मानला तर त्याला शाळेत नाही, दवाखान्यात न्यायला हवं. मामा वहीत 'ताप नाही' लिहितात, बोटाला ऑक्सिमीटर लावतात, हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकतात. "चल, पळ." आणि लगेच, "पळू नको. चाल. लांब लांब."

सिन्नर तालुक्यातलं हे पाचवी ते दहावीचं माध्यमिक विद्यालय. ऑगस्ट २०२१ नुकता लागलाय. रस्त्यापलीकडं सोयाबीन गुडघ्याला आलंय, त्यात बायका खुरपायला बसल्यात. बाहेरच्या माणसाला आवारात प्रवेश नाही, म्हणून मी फाटकाबाहेर चिंचेखाली उभा. माझंही नाव मामांच्या वहीत गेलंय. ऑक्सिजन ९७.

"निम्मी पोरं ओळखूच येईना," मामा सांगतात. मास्कमुळं नुसते डोळे दिसतात हे एक, आणि दुसरं म्हणजे पोरं वाढलीत. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं शाळा बंद झाल्या तेव्हा आजची आठवी सहावीत होती. गणवेश तेव्हाचेच. पँटी घोट्याच्या वर चढल्यात, एकाच्या शर्टाची वरची दोन बटणं लागतच नाहीत. काहींनी सरळ रंगीत कपडे घातलेत आणि कुणी त्यांना काही बोलत नाही. शाळेनं एवढी सूट दिलेली मी पहिल्यांदाच बघतोय.

शाळा उघडण्याची ही पहिली वेळ नाही. राज्यात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी आणि पुढचे वर्ग सुरू झाले, २७ जानेवारीला पाचवी ते आठवी. दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. आता ७ जुलैचा शासन निर्णय आहे. गावात निदान महिनाभर एकही रुग्ण नसेल तर आठवीपासूनचे वर्ग भरवा, आणि भरवायचे की नाही हे सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ठरवा. समितीत तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, वैद्यकीय अधिकारी, केंद्रप्रमुख अशी माणसं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तर जूनमध्येच शाळा भरवली, हे इथं प्रत्येक जण दुसऱ्याला ऐकवतो, विशेषतः सरपंचांना. सरपंच म्हणतात, "त्यांचं गाव एका हाकेत उठतंय. आपल्याकडं एक वस्ती ह्या टोकाला, दुसरी डोंगराला."

एका बाकावर एकच पोर, दोन बाकांत सहा फूट, वर्गात पंधरा-वीसच्या वर नाही. म्हणून प्रत्येक इयत्तेचे दोन गट केलेत, अ आणि ब, एक दिवस आड. आज अ गट आहे. खिडकीतून नववीचा वर्ग दिसतो. गणिताचे सर फळ्याशी उभे राहून विचारतात आणि कुणीच तोंड उघडत नाही. दीड वर्ष मोबाइलवर स्वतःचा आवाज म्यूट करून बसलेली पोरं आहेत ही. सर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतात तेव्हा मागून एक मुलगी पुटपुटते. उत्तर चुकलेलं आहे, पण सरांचा चेहरा असा खुलतो की जणू बोर्डात पहिली आली. बोर्डाचंही तसंच झालंय म्हणा. गेल्याच महिन्यात दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला, एकही पेपर न होता. ह्या वर्षीच्या दहावीला वाटतं, आपलंही तसंच होईल. सरांना त्याचीच धास्ती आहे.

हजेरीपटावर काही नावांपुढं रोजच शून्य पडतं. एक मुलगा भाजीच्या टेंपोवर जातो, वाशीच्या मार्केटपर्यंत. दुसरा मुसळगावच्या एमआयडीसीत कुणाच्या तरी नावावर लागलाय. एका मुलीबद्दल विचारलं की मामा आवाज उतरवतात, "उरकलं तिचं. मे महिन्यात. पंचवीस माणसांत." तेव्हा लग्नाला पंचवीसच माणसांची परवानगी होती, म्हणजे खर्च कमी. ह्या हिशोबात नववीतली पोर गेली. शाळा रोज उघडी ठेवायचा मुख्याध्यापक मॅडमचा हट्ट कशापायी आहे, ते ह्या शून्यांवरून कळतं.

मॅडमचा दुसरा हट्ट फळ्याचा. शाळेतला नव्हे, दूध डेअरीवरचा. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातलं कुणीतरी किटली घेऊन डेअरीवर येतंच, तेव्हा तिथल्या भिंतीवर त्यांनी शाळेचा फळा टांगलाय. आज कुठला गट, उद्या कुठला, गावात रुग्ण किती, कुणाचं संमतीपत्र यायचं राहिलंय. व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे, पण फोन असतो बापाच्या खिशात आणि बाप असतो कंपनीत. पोरांच्या शाळेचा निरोप त्याला चहाच्या सुट्टीत दिसतो, पोरगं तोवर घरी आलेलं असतं. वरच्या वस्तीला तर रेंजच नाही. ऑनलाइन तासाला तिथली पोरं पाण्याच्या टाकीवर चढून बसायची.

पावणेदहाला मॅडमचा फोन वाजतो. त्या ऐकत ऐकत फाटकापर्यंत येतात. पलीकडून बोलणारी आशाताई आहे, एवढं कळतं. "कोण? ... कधी केली? ... अँटिजेन का आरटीपीसीआर? ... पोरगं घरीच आहे ना?" फोन बंद करून त्या मामांना म्हणतात, "सरपंचांना बोलवा. भाऊसाहेबांनाही. इथंच, चिंचेखाली."

बातमी अशी की आठवीतल्या एका मुलाचे वडील पॉझिटिव्ह निघालेत. कंपनीत कुणाला तरी झालं म्हणून सगळ्यांची तपासणी झाली, त्यात हे सापडले. मुलगा ब गटातला. आज आलेला नाही, पण काल वर्गात बसून गेलाय. त्याच्यासोबत अठरा जण.

वीस मिनिटांत सगळे जमतात. सरपंच मोटारसायकलवरून, ग्रामसेवक भाऊसाहेब छत्री घेऊन, आशाताई चालत. चिंचेखाली चार खुर्च्या मांडल्यात, लांब लांब. लांब बसल्यामुळं प्रत्येक जण जरा ओरडूनच बोलतो आणि गुप्त ठेवायच्या गोष्टी रस्त्यापर्यंत ऐकू जातात.

सरपंचांचं म्हणणं साधं आहे. आठवडाभर शाळा बंद ठेवू, कारण सांगायची गरज नाही. "एकदा का आकडा बाहेर गेला ना मॅडम, की तालुक्याच्या यादीतून गाव कटलं. परत महिना मोजायचा. दुकानंबी बंद." भाऊसाहेब मान डोलावतात, मग काहीतरी आठवून थांबतात. आकडा पोर्टलवर सकाळीच गेलाय. आशाताईनं नाही, तपासणी करणाऱ्यांनीच तो भरलाय.

सरपंच खिशातून कागद काढतात. भोंग्यावर वाचायला त्यांनी वाटेतच दोन ओळी लिहून आणल्यात. 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की काही कारणास्तव विद्यालय पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.'

मॅडम कागद हातात न घेता लांबूनच वाचायला लावतात. मग म्हणतात, "काही कारणास्तव नको."

"का बरं?"

"काही कारण म्हटलं की लोक दहा कारणं काढतात. दुपारपर्यंत आख्खी आठवी पॉझिटिव्ह होईल. संध्याकाळी मास्तर. आणि 'पुढील सूचनेपर्यंत' म्हटलं की पोरगं टेंपोवर गेलंच समजा."

हे बोलणं त्यांना मागच्या वर्षानं शिकवलंय. पहिल्या लाटेत गावातला पहिला रुग्ण निघाला तेव्हा त्याचं नाव चार गावांत पसरलं, त्याच्या गल्लीला बांबू ठोकले, त्याच्या घरचं दूध महिनाभर कुणी घेतलं नाही. तेव्हापासून गावात कुणी ताप सांगेना. आशाताई दारात गेली की घरातला खोकणारा माणूस मागच्या दारानं शेतात. ती आता पहिल्यांदाच मध्ये बोलते. "नाव घेऊ नका, सरपंच. नाव घेतलं तर उद्यापासून मला कुणी दार उघडायचं नाही. पण झालंय ते सांगा. आणि त्यांचं दूध आज डेअरीला आलं तर परत धाडू नका. किटली मी आणून देते."

सरपंच गप्प होतात. डेअरीचे चेअरमन त्यांचे चुलतभाऊ. ते फोन लावतात, बाजूला जाऊन बोलतात, येऊन सांगतात, "घेतील."

मजकूर आता मॅडम सांगतात आणि भाऊसाहेब सरपंचांच्याच कागदाच्या पाठीवर लिहितात. आठवीच्या ब गटातल्या एका विद्यार्थ्याच्या घरी कोरोनाचा एक रुग्ण सापडला आहे. विद्यार्थ्याला त्रास नाही. ब गटाच्या मुलांची तपासणी आज दुपारी दोन वाजता उपकेंद्रात होईल, सोबत घरचं एक माणूस यावं. ह्या गटाचा वर्ग अहवाल येईपर्यंत भरणार नाही. बाकीचे वर्ग आज नेहमीप्रमाणं सुटतील. उद्याचं आज संध्याकाळी डेअरीवर कळेल.

"बाकीचे वर्ग चालू ठेवता?" भाऊसाहेब पेन उचलून विचारतात. "वरून विचारलं तर?"

"गट वेगळे, खोल्या वेगळ्या, दिवस वेगळे. मुलगा पॉझिटिव्ह निघाला तर आजच कुलूप लावते. निघाला नाही तर का लावू?"

ह्यावर डॉक्टरांचं मत हवं, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन लागतो. स्पीकरवरच्या आवाजामागं लसीच्या रांगेचा गलका आहे, टोकन क्रमांकावरून भांडण चाललंय. डॉक्टर दोनच वाक्यांत सांगतात, तपासण्या करू, खोल्या फवारून घ्या. उपकेंद्राला पुरेशी किट आहेत का, हे आशाताई तीनदा विचारते.

साडेदहाला मारुतीच्या देवळावरचा भोंगा खरखरतो. भजनी मंडळाचा माइक, त्यावर भाऊसाहेबांचा सरकारी आवाज. सोयाबीनमधल्या बायका खुरपं थांबवून उभ्या राहतात. भाऊसाहेब पहिलं वाक्य वाचतात आणि एक जण पदर तोंडाला लावून बांधावरून गावाकडं निघते. तपासणीच्या वेळेपर्यंत वाचून होतं तोवर ती थांबलेली असते. सगळं दुसऱ्यांदा वाचलं जातं. ती परत येऊन आपल्या ओळीत बसते. बाजूच्या बाईला काहीतरी सांगते, बहुतेक पोर कुठल्या गटात ते.

ज्यांना भोंगा ऐकू जात नाही त्यांच्यासाठी मॅडम फाटकाशी उभ्या राहून फोन लावतायत. यादीत एकोणीस नावं. चित्रकलेचे सर गाडी काढून वरच्या वस्तीला गेलेत, तिथली चार घरं त्यांच्याकडं. फोनवर मॅडमचं बोलणं दर वेळी तेच, त्याच क्रमानं. आधी "तुमचं पोरगं बरं आहे, घाबरू नका", मग बातमी, मग दोनची वेळ, मग "काही विचारायचंय का?" आणि मग त्या थांबतात. बहुतेक जण काहीच विचारत नाहीत. एक बाप विचारतो, कुणाच्या घरी? मॅडम म्हणतात, "ते नाही सांगत. तुमच्या घरी असतं तर तुमचंही सांगितलं नसतं." एक आजी विचारते, काढा दिला तर चालेल का. द्या.

अकराव्या की बाराव्या फोनवर एक आई आहे. तिला सगळं सांगून होतं. काही विचारायचंय का, असं मॅडम विचारतात. ती म्हणते, "बारक्याला घेऊन येते दोनला. पण मॅडम, मोठी तर तिकडंच आहे ना. नववीत. दोघं एकाच ताटात जेवले सकाळी. तिला ठेवता का धाडता घरी?"

मॅडम नववीच्या खिडकीकडं बघतात. मघाशी पुटपुटणारी मुलगी हीच की दुसरी, मला सांगता येत नाही. "धाडते," त्या म्हणतात. "आत्ताच धाडते."

फोन ठेवून त्या हातातली यादी उलटी-सुलटी करतात. आठवी ब, एवढंच त्यावर आहे. शाळेच्या कागदांवर वर्ग असतात, गट असतात, कुणाचा भाऊ कुठल्या वर्गात ते नसतं. ते एका कार्यालयीन नोंदीत असेलही, आडनावं जुळवत बसलं तर संध्याकाळपर्यंत सापडेल. पण इथं अर्ध्या गावाचं आडनाव एकच.

"मामा," त्या हाक मारतात, "ब गटातल्यांची भावंडं सांगा. सख्खी, चुलत, एका घरात जेवणारी सगळी."

मामा तापाची बंदूक खिशात घालतात आणि बोटं मोजायला लागतात. पंचवीस वर्षं घंटा देताहेत ते ह्या शाळेत, त्यातल्या कितीतरी पोरांच्या बापांनाही त्यांनी कान धरून वर्गात बसवलंय. पाटाच्या कडेच्या घरातली एक दहावीत, आज आलीय. चुलते वेगळे राहतात पण चूल एकच आहे, धरा. मळ्यातले दोघे, एक आठवी अ, आज आलाय. वरच्या वस्तीचा तो मामाच्या घरी शिकायला आहे, तिथंही एक नववीत.

सरपंच अजून गेलेले नाहीत. मोटारसायकलवर बसल्या बसल्या ऐकतायत. "म्हणजे परत भोंगा?" ते विचारतात. "मॅडम, अर्ध्या तासात दोनदा म्हटलं की लोक म्हणतील, ह्यांचंच काही नक्की नाही."

"म्हणू देत. पहिल्यांदा सांगितलं त्यात भावंडं राहिली होती, आता घेतली, असंच सांगायचं." त्या भाऊसाहेबांकडं वळतात. "लिहिताय ना?"

भाऊसाहेब कागद उलटतात. पुढच्या बाजूला सरपंचांच्या दोन ओळी आहेत, मागची बाजू भरलीय. ते छत्री मांडीवर आडवी घेतात, सरपंचांच्या ओळींवर काट मारतात आणि खाली उरलेल्या जागेत लिहायला लागतात. मामा सातव्या बोटापर्यंत आलेत.