एसटीच्या तिकिटावर राधानगरीचे रान

१० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे सहकारी १८८४ पासून करीत असलेल्या खटपटीचे ते फळ होते. आज रविवारी उशिरापर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या कित्येकांना हा इतिहास ठाऊक नसतो. पण सुट्टी मिळाली म्हणजे विसावा मिळाला असे होत नाही. यंत्राच्या घरघरीत सहा दिवस काढलेल्या माणसाला सातव्या दिवशी मोकळी हवा, झाडे आणि चालण्यापुरती वाट हवी असते. ती त्याच्या खिशाला परवडेल अशा रीतीने कशी मिळावी, याचा विचार आम्हा संघटनेच्या माणसांना करावा लागतो. म्हणून पगार, बोनस आणि महागाईभत्ता हे नेहमीचे विषय सोडून आज आम्ही राधानगरीच्या रानाविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

हा विचार आमच्याच डोक्यातून निघाला असेही नाही. १८९५ साली व्हिएन्ना शहरात एक शाळामास्तर, एक लोहारकाम करणारा कामगार आणि एक विद्यार्थी अशा तिघांनी पुढाकार घेऊन कामगारांची ‘निसर्गमित्र’ संघटना काढली. त्यातला विद्यार्थी, कार्ल रेनर, पुढे ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. इंग्लंडात तर याच गोष्टीसाठी माणसे तुरुंगात गेली. मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचे उंच माळरान आहे. जमीनदारांनी ते पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी, म्हणजे एका रविवारी, शेकडो तरुण कामगार बंदी मोडून त्या माळावर चढले. पाच जणांना शिक्षा झाल्या. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि रानावनात फिरण्याची मोकळीक यांचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला, त्यामागे या चळवळीचाही रेटा होता.

राधानगरीची कथा या बाबतीत वेगळी आणि आपल्या दृष्टीने भाग्याची आहे. दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि १९५८ साली या रानाला गव्यांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढवून ३५१ चौरस किलोमीटरांचे राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळे जागतिक वारसा म्हणून नोंदवली, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली यांच्या जोडीला राधानगरीही आहे. जे रान एके काळी एका घराण्याच्या शिकारीसाठी होते, तेथे आज एसटीचे तिकीट काढून हमालही जाऊ शकतो. हा बदल लहान नव्हे. तो टिकवायचा तर रान समजून घेतले पाहिजे आणि तेथे जाणारी एसटीही टिकवली पाहिजे.

आधी रानाखालची जमीन समजून घेऊ. जगात काही डोंगर चुनखडीचे आहेत. पावसाच्या पाण्यात चुनखडी विरघळते, जमिनीत भुयारे पडतात, वाहती नदी मध्येच गडप होते आणि कित्येक मैलांवर पुन्हा वर येते. स्लोव्हेनियातील क्रास नावाच्या पठारावरून अशा भूमीला ‘कार्स्ट’ म्हणतात. आपला सह्याद्री चुनखडीचा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो झाला. पण या काळ्या दगडाच्या माथ्यावर लाखो वर्षे उन्हापावसाचा मारा झाला. पाण्याबरोबर त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि तांबडा, सच्छिद्र जांभा दगड तयार झाला. १८०७ साली बुकॅनन या साहेबाने मलबारात हा दगड पाहून त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिले. त्या शब्दाच्या मुळाशी ‘वीट’ असा अर्थ आहे. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो आणि वाऱ्यावर ठेवला की टणक होतो, हे कोकणातल्या कोणत्याही गवंड्याला पुस्तकाशिवाय माहीत असते.

या जांभ्याची सपाट पठारे म्हणजे आपले सडे. उन्हाळ्यात सडा भाजून निघतो, त्यावर मोठे झाड तग धरत नाही, आणि नवख्याला ती पडीक जमीन वाटते. पण सडा हा चाळणीसारखा आणि स्पंजासारखा आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला चाळीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथ्यावर तो शंभर इंचांच्या वर जातो. त्यातले पुष्कळ पाणी जांभ्याच्या भोकाभोकांतून आत मुरते आणि डोंगराच्या कुशीत झरे होऊन हळूहळू बाहेर येते. म्हणून सडा बोडका आणि त्याच्या उतारावर मात्र गर्द झाडी, असे चित्र राधानगरीत जागोजागी दिसते. पावसाळा सरता सरता त्याच सड्यावर बोटभर उंचीची फुले दाटतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती तर किडे पकडून आपली उपासमार भागवतात, कारण त्या दगडावर मातीचा कस फारच थोडा.

हेच पाणी पुढे आपल्या दारी येते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते असे आपण मानतो. त्यातली भोगावती या रानाची लेक आहे. काळम्मावाडीला दूधगंगेवर बांधलेल्या धरणाचा जलाशयही याच रानाला लागून आहे, आणि २०२३ पासून तेथले पाणी थेट नळाने कोल्हापूर शहरापर्यंत आले आहे. तेव्हा राधानगरीला जाणे म्हणजे आपल्या हंड्यातल्या पाण्याचे माहेर पाहून येणे होय.

आता वाटा. कोल्हापूरहून राधानगरी पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर आणि दाजीपूर ऐंशीच्या आसपास आहे. हळदी, परिते ही उसाची गावे मागे टाकून गाडी राधानगरीला येते. तेथे एसटीचे आगार आहे. पुढे हाच रस्ता दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कणकवलीकडे जातो, म्हणून कोकणात जाणाऱ्या गाड्याही उपयोगी पडतात. मात्र राधानगरीपर्यंत गाड्या बऱ्याच आणि पुढे थोड्या, हे ध्यानात ठेवावे.

पहिली वाट अगदी सोपी, म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांनाही झेपणारी. राधानगरीला उतरून फेजिवड्याकडे धरण पाहायला चालत जावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास या धरणाचे काम हाती घेतले. मध्यंतरी ते बरीच वर्षे रखडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. जलाशयाला लक्ष्मी तलाव म्हणतात. त्यात सुमारे ८.३६ अब्ज घनफूट पाणी मावते. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढले की ते आपोआप उघडतात आणि उतरले की मिटतात, त्यांना ना वीज लागते ना माणूस. यंत्रावर काम करणाऱ्यांनी तर ते अवश्य पाहावे. पावसाळ्यात लोक जवळच्या राऊतवाडीच्या धबधब्यालाही जातात. तेथे पाण्यात उतरण्याची हौस आवरावी, कारण शेवाळलेल्या दगडावर पाय टिकत नाही आणि वरच्या पावसाने लोंढा केव्हा वाढेल हे खाली कळत नाही.

दुसरी वाट दाजीपूरहून उगवाई देवीच्या देवळाकडे आणि तेथून शिवगडावर जाते. गड लहान आहे, बांधकामाच्या खुणाही थोड्याच उरल्या आहेत. पण कड्यावर उभे राहिले की फोंडा घाटाची वळणे आणि खाली कोकणपट्टी उलगडते, आणि घाटवाटेवर नजर ठेवायला गड येथेच का बांधला हे न सांगता समजते. दिवसभराची शिदोरी आणि पाणी बरोबर घेणाऱ्या धडधाकट माणसाला ही वाट एका दिवसात होते.

तिसरी वाट अभयारण्याच्या आतली, ठक्याचा वाडा आणि सावराई सडा या बाजूची. रानाचे खरे पोट येथे आहे. परंतु अंतर मोठे असल्याने ही वाट पायी करून संध्याकाळची गाडी गाठण्याची उमेद कोणी धरू नये. दहा-बारा जणांनी वर्गणी काढून वन खात्याच्या परवानगीने गावातली जीप आणि वाटाड्या घ्यावा. वाटाड्याचे चार पैसे गावातच राहतात, आणि रानात राहणाऱ्या लोकांना जंगल राखण्यात आपले हित दिसते. आत जाण्यासाठी दाजीपूरच्या नाक्यावर परवाना काढावाच लागतो. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. म्हणून दिवाळीपासून वैशाखापर्यंतचा काळ धरावा, आणि निघण्यापूर्वी चौकशी करावी.

एसटीने जाणाऱ्याचे गणित मोटारवाल्याहून निराळे असते. मोटारवाला पाय दुखले की परत फिरतो, आपल्याला शेवटची गाडी सांगेल तेव्हा फिरावे लागते. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब घालून दिला: सपाटीवर तासाला तीन मैल, आणि प्रत्येक हजार फूट चढाला आणखी अर्धा तास. हा हिशेब सराईताचा आहे. बायकापोरे बरोबर असली तर तासाला तीन किलोमीटरच धरावेत. समजा, परतीची गाडी पाचला आहे आणि ठिकाण सहा किलोमीटरांवर आहे. गाडीच्या अर्धा तास आधी थांब्यावर हजर राहायचे, परतीच्या चालण्याला दोन तास आणि वाटेतल्या खोळंब्याला अर्धा तास, म्हणजे दोन वाजता पाठ फिरवली पाहिजे, मग ठिकाण आलेले असो वा नसो. परतीच्या गाड्यांची वेळ उतरतानाच कंडक्टरला किंवा नियंत्रकाला विचारावी, फलकावर विसंबू नये. कोणत्या गावी गाडी मुक्कामी येते हेही विचारून ठेवावे. ती पहाटे निघते, आणि चुकलेल्यांचा तोच आधार असतो.

गवा हा या रानाचा धनी. खांद्याशी पुरुषभर उंच, वजन हजार किलोपर्यंत, काळेभोर अंग आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एरवी तो माणसाला टाळतो. पण त्याची वाट अडवली, वासराच्या आड कोणी आले किंवा फोटोसाठी कोणी जवळ गेले, तर तो अंगावर येतो. दिसताच थांबावे, गलका करू नये, नजर ठेवून मागे सरावे आणि कळपाला जाऊ द्यावे. डिसेंबर २०२१ मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा पाहायला जमलेल्या गर्दीनेच धोका वाढवला. शेकरू, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या हेही येथे आहेत. पहिल्याच खेपेला सारे दिसेल अशी अपेक्षा करू नये. अंजनीला आलेला निळा मोहोर पाहिला तरी सुट्टी कारणी लागली.

आता मुख्य मुद्दा. या सड्यांच्या पोटात बॉक्साईट आहे आणि जिल्ह्यातल्या काही सड्यांवर त्याच्या खाणी झाल्या. खाणीत राबणारे आमचेच भाऊ आहेत, त्यांच्या रोजगाराचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण सड्याचा माथा एकदा खरवडला की पाणी धरून ठेवणारा तो दगड पुन्हा घडवता येत नाही. तेव्हा रोजगार किती वर्षांचा आणि पाणी किती पिढ्यांचे, हा ताळेबंद मांडूनच निर्णय व्हावा. तो मांडण्याचा अधिकार सडा पाहिलेल्या लोकांना अधिक नेटाने बजावता येतो.

तीच गोष्ट एसटीची. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून ती गरिबाची गाडी आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तीत मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. २०२१-२२ च्या दीर्घ संपात आडगावांना एसटीविना दिवस काढावे लागले, तेव्हा तिची किंमत सर्वांना कळली. रिकामी धावणारी फेरी तोट्याची म्हणून बंद पडते. ती बंद पडली की गावातल्या मुलींची शाळा अडते आणि आपले रानही मोटारवाल्यांपुरते उरते. म्हणजे छत्रपतींची राखीव शिकार जाऊन पैसेवाल्यांची राखीव सहल आली, इतकेच व्हायचे.

म्हणून आमचे सांगणे असे. येत्या हंगामात प्रत्येक युनियनने, प्रत्येक मंडळाने वर्षातून एक तरी रविवार राधानगरीला द्यावा. एसटीनेच जावे. नेलेले प्लास्टिक परत आणावे, कर्णे आणि बाटल्या घरी ठेवाव्यात, खानावळीत जेवून गावाला पैसा द्यावा. आणि परतल्यावर कोणत्या वेळेला गाडी हवी होती आणि मिळाली नाही, हे अर्जावर लिहून, सह्या घेऊन आगारात द्यावे. मागितल्याशिवाय रविवारही मिळाला नव्हता.