पाण्याचा हिशेब

रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ राजपुरी हे गाव आहे. तेथून शिडाच्या होडीने जंजिरा किल्ल्यावर जाता येते. 'जंजिरा' हा शब्द 'जझीरा' या अरबी शब्दावरून आला आहे. जझीरा म्हणजे बेट, हे तुम्हांला सांगायला नकोच! किल्ल्याच्या चारही बाजूंना खारे पाणी आहे. आत मात्र गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. किल्ल्यातील माणसांना त्या तलावांचा केवढा आधार वाटत असेल!

किनाऱ्यावरच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. म्हणून पावसाचे पाणी टाकीत साठवून ठेवणे शहाणपणाचे असते. पण टाकीत पाणी किती मावेल? ते किती दिवस पुरेल? त्यासाठी हिशेब यायला हवा.

समजा, एक टाकी २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे. तिचे घनफळ २ × २ × १.५ = ६ घनमीटर झाले. आता याचे लीटर करू.

येथेच पुष्कळ मुले चुकतात. '१ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणून १ घनमीटर म्हणजे १०० लीटर,' असे ती समजतात. हे बरोबर नाही. १० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच डबा घ्या. त्यात १,००० घनसेंटिमीटर, म्हणजेच १ लीटर पाणी मावते. १ घनमीटरच्या पेटीत असे डबे एका ओळीत १०, एका थरात १०० आणि दहा थरांत १,००० बसतात. म्हणून,

१ घनसेंटिमीटर = १ मिलिलीटर
१,००० मिलिलीटर = १ लीटर
१,००० लीटर = १ घनमीटर

तेव्हा आपल्या टाकीत ६,००० लीटर पाणी मावेल. एका कुटुंबाला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज २० लीटर पाणी लागले, तर ते ३०० दिवस पुरेल. चुकीच्या हिशेबाने मात्र ६०० लीटर, म्हणजे केवळ ३० दिवसांचे पाणी होईल. एका शून्याने केवढा फरक पडला!

ही टाकी भरेल का? पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लीटर पाणी मिळते. २० चौरस मीटर छपरावर ३०० मिलिमीटर पाऊस पडला, तर २० × ३०० = ६,००० लीटर पाणी होते. रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारणपणे २,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. पहिल्या पावसाचे पाणी छपरावरची धूळ घेऊन येते. ते सोडून द्यावे आणि नंतरचे पन्हळीतून टाकीत घ्यावे. तरीही टाकी सहज भरेल.

पूर्वी आपल्याकडे शेर, पायली अशी मापे होती. ती गावोगावी सारखी नसत. १९५६ साली कायदा झाला आणि देशभर दशमान मापे आली. आता मुरूडचा लीटर आणि मुंबईचा लीटर एकच आहे. हिशेब नीट करणे मात्र आपल्याच हाती आहे.

शब्दार्थ
मचूळ – किंचित खारट
घनफळ – वस्तूने व्यापलेली जागा
पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी
दशमान – दहाच्या पटीत मोजण्याची पद्धत

स्वाध्याय
१. जंजिरा किल्ल्यात गोडे पाणी कोठे आहे?
२. १ घनमीटर म्हणजे १०० लीटर, हे चूक का आहे?
३. तुमच्या घरातील टाकी किंवा पिंप मोजा. त्यात किती लीटर पाणी मावते, ते काढा.