किल्ला हळर्णचा, कादंबरी लिस्बनची

2011 मध्ये पोर्तुगालात एकाच वर्षी दोन ऐतिहासिक कादंबऱ्या आल्या. दोन्ही बायकांनी लिहिलेल्या आणि दोन्हींची नायिका एकच. मारिया तेरेझा होर्ता यांची हजारावर पानांची ‘आस लूझिश द लिओनोर’ ही एक, आणि मारिया जुआंव लोपु द कार्व्हाल्यु यांची ‘मार्केझा द अलोर्ना’ ही दुसरी. यातलं अलोर्ना म्हणजे गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं हळर्ण. शापोरा नदीच्या काठावर जांभ्या दगडाचा तट आणि बुरूज घेऊन उभा असलेला सावंत-भोसल्यांचा किल्ला ज्या गावात आहे, ते आपलं हळर्ण. आपल्या एका गावाचं नाव परक्या भाषेतल्या प्रेमकथेच्या मुखपृष्ठावर आहे आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीत ते शोधावं लागतं. ही रुखरुख मनात धरूनच मी मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या दीडशे वर्षांच्या लेखनाकडे मागे वळून पाहतो आहे.

हे नाव तिकडे गेलं कसं? 1744 मध्ये पेद्रू मिगेल द आल्मैदा हा विजरई म्हणून गोव्यात आला. 5 मे 1746 रोजी त्याने सावंतवाडीकर भोसल्यांकडून, म्हणजे वाडीकरांकडून, हळर्ण घेतलं. मग डिचोली, साखळी आणि त्याच वर्षअखेरीला तेरेखोल, रेडी. या पराक्रमाबद्दल राजाने त्याला ‘मार्केझ द अलोर्ना’ हा किताब दिला. लिओनोर ही त्याची नात, जन्म 1750 चा. तिच्या आईचे वडील फ्रान्सिस्कु द ताव्होरा हेही 1750 ते 1754 गोव्याचे विजरई होते. म्हणजे आजोबा दोन्हीकडचे, आणि दोघेही पणजीच्या पाण्यावरून परत गेलेले. 1758 मध्ये लिस्बनला राजावर गोळी झाडली गेली. आळ ताव्होरा घराण्यावर आला. त्या घरच्या तरुण सुनेशी राजाचे संबंध होते, हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं. जानेवारी 1759 मध्ये लिओनोरच्या आजी-आजोबांना भर चौथऱ्यावर मारलं गेलं, वडिलांना तुरुंगात टाकलं, आणि आठ वर्षांच्या लिओनोरला आई आणि बहिणीसह शेलशच्या मठात कोंडलं. तिथे अठरा वर्षं गेली. मठाच्या भिंतीआड ती शिकली, कविता करू लागली, आणि त्या कविता बाहेर पोचल्या. 1777 मध्ये राजा वारला तेव्हा दार उघडलं. पुढे एका जर्मन सरदाराशी लग्न, वैधव्य, देशोदेशीचे प्रवास, आणि 1839 मध्ये मृत्यू.

एवढं आयुष्य हाती आलं की कादंबरी लिहावीशी वाटणारच. पण या दोन लेखिकांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या कारणाने. त्यांच्यापाशी पत्रं होती. लिओनोरने वडिलांना, मैत्रिणींना लिहिलेली पत्रं जपली गेली, संपादित झाली. होर्ता तर स्वतः त्याच वंशातल्या. बाई काय विचार करत होती हे बाईच्याच हस्ताक्षरात सापडलं, म्हणून ती कादंबरीत कुणाची तरी राणी म्हणून उभी राहिली नाही, स्वतः म्हणून उभी राहिली.

आता आपल्याकडे. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’, 1871 ची. लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर, ‘विविधज्ञानविस्तारा’चे संपादक. त्याआधीच्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांत राजपुत्र, राजकन्या, गुप्त वाटा, योगायोग, वियोग असा सगळा रम्य पसारा होता. फक्त काळ आणि गाव नव्हतं. गुंजीकरांनी त्या पसाऱ्याला शिवकाळ दिला आणि एक गड दिला. गड कल्पित, काळ खरा. हे सूत्र पुढे शंभर वर्षं चाललं. गुंजीकर जन्मले जांबोटीला, बेळगाव जिल्ह्यात, घाटमाथ्यावर. म्हणजे मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ करणारा माणूस गोव्याच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावरचा होता. तरी त्याची नजर घाट उतरून खाली आली नाही.

हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून ‘उषःकाल’ लिहिली आणि ऐतिहासिक कादंबरी घराघरात नेली. स्कॉट, रेनॉल्ड्स त्यांनी वाचले होते, ते दिसतंही. पण ‘वज्राघात’मध्ये विजयनगरचा नाश सांगताना त्यांनी प्रेमाला राजकारणाच्या मुळाशी नेऊन बसवलं, हे धाडस त्यांचं स्वतःचं. नाथमाधवांची ‘वीरधवल’ 1913 ची. सिंहगडच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळा झालेला हा लेखक, आणि त्याचे नायक घोड्यावर मांड ठोकून दौडत जाणारे. ती पुस्तकं वाचताना हे आठवलं की मला आजही गलबलून येतं. वि. वा. हडपांनी सबंध पेशवाईच कादंबरीमय केली. त्या काळात गोव्यातल्या मराठी वाचकालाही ही पुस्तकं मिळत होती, वाचनालयांतून हातोहात फिरत होती.

मग 1962. रणजित देसाईंची ‘स्वामी’. माधवराव पेशव्यांवरची ही कादंबरी लोकांना राजकारणासाठी आवडली असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही. ती आवडली रमा-माधवांसाठी. देवघर, थेऊरचा गणपती, आजारी नवऱ्याच्या उशाशी बसलेली रमा. घरातला संयत, बोलता न येणारा जिव्हाळा देसाईंनी असा टिपला की वाचकाला तो आपल्याच आजी-आजोबांचा वाटला. 1964 मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘स्वामी’नंतर दहा वर्षांनी ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आली आणि मस्तानी मराठी घरात शिरली. शनिवारवाड्याने जिला दाराबाहेर ठेवलं, तिला इनामदारांनी आत घेतलं. ते त्या काळी सोपं नव्हतं. 2015 मध्ये त्याच कादंबरीवरून हिंदी चित्रपट निघाला तेव्हा देशभर मस्तानी पोचली, पण मराठी वाचकाला ती चाळीसहून अधिक वर्षं आधी भेटली होती.

देसाई कोवाडचे, चंदगड तालुक्यातले. तिथून रामघाट उतरला की तिळारीचं खोरं, दोडामार्ग, आणि पुढे शापोऱ्याच्या काठाकाठाने हळर्ण. गुंजीकर वर, देसाई वर, खाली शिरोड्याला अठरा वर्षं शिक्षकी करत वि. स. खांडेकर, तिथून 1746 मध्ये पडलेली रेडी किती लांब? सगळे मोठे लेखक या मुलखाच्या कडेकडेने राहिले. मुलूख मात्र लिहायचा राहून गेला.

याचं कारण मला असं दिसतं. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने प्रेम दिलं ते गादीवरच्या माणसांना. नायक स्वामी, राऊ, छावा, नायिका त्यांची. सातारा, पुणे, रायगड ही मध्यावरची ठिकाणं. पेडणे, डिचोली, सत्तरी हा काठाचा मुलूख. आज वाडीकरांचा, उद्या फिरंग्याचा, परवा कोल्हापूरकरांचा दबाव. इथली माणसं कुणाच्याही विजयकथेत सरळ बसत नाहीत, आणि विजयकथा तर आपल्याला हवीच असते.

पण प्रेम आणि लग्न यांनी इथे सीमा हलवल्या आहेत, अक्षरशः. 1763 मध्ये सावंतवाडीच्या तिसऱ्या खेमसावंतांचं लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी, लक्ष्मीबाईंशी झालं. महादजी शिंद्यांच्या घरची ही सोयरीक. त्या जोरावर दिल्लीच्या बादशहाकडून वाडीकरांना ‘राजेबहादूर’ किताब मिळाला. कोल्हापूरला ते खुपलं, स्वारी आली. खेमसावंतांनी पोर्तुगिजांची मदत घेतली, आणि त्या मदतीच्या मोबदल्यात 1788 मध्ये पेडणे त्यांच्याकडे गेलं. एका लग्नाने सुरू झालेली साखळी पेडण्याच्या झेंड्यापर्यंत येऊन थांबते. पुढे 1803 मध्ये खेमसावंत चार राण्या मागे ठेवून वारले. लक्ष्मीबाईंनी 1805 मध्ये दत्तक घेतलेल्या मुलाचा 1807 मध्ये अंथरुणातच गळा दाबून जीव घेतला गेला. शिंद्यांच्या घरातून दूर कोकणात आलेली ही बाई वाडीच्या राजवाड्यात चाळीस वर्षं काय जगली, हे एका ‘स्वामी’च्या तोलाचं पुस्तक मागतं.

आणि गंमत बघा, त्याच महादजींच्या फौजेत बक्षी म्हणून नाव काढणारे जिवबादादा पेडण्यातल्या केरीचे. पाटण, लाखेरी, 1795 ची खर्ड्याची लढाई, असा त्यांचा हिंदुस्थानभरचा फेरा. पेडण्याचा माणूस शिंद्यांकडे आणि शिंद्यांची मुलगी वाडीला. पात्रं जणू आपणहून समोर येऊन बसली आहेत.

कागद नाहीत अशी सबब आता चालत नाही. पांडुरंग पिसुर्लेकर 1930 पासून पणजीच्या दफ्तरखान्याचे प्रमुख होते. त्यांनी पोर्तुगीज राज्यसभेच्या नोंदी पाच खंडांत छापल्या आणि 1967 मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीतून काढला. इतिहासकारांनी तो पानोपान उलगडला. कादंबरीकारांनी त्यातून संभाजीराजांची 1683 ची गोव्यावरची स्वारी उचलली, ते योग्यच. पण त्याच धामधुमीत बापाविरुद्ध उठलेला औरंगजेबाचा मुलगा अकबर डिचोलीच्या बाजूला येऊन राहिला होता. डिचोलीतला नमाजगाह अजून त्याची आठवण सांगतो. परागंदा शहजादा, मराठी मुलूख, पलीकडे फिरंगी. दुसरा धागा देवळाशी बांधलेल्या नायकिणींचा. 18व्या शतकाच्या आरंभी पोर्तुगिजांनी त्यांना आपल्या हद्दीत यायला मनाई करणारे हुकूम काढले. हुकूम काढावा लागतो तेव्हा लोक येत-जात असतात. बंदीच्या अलीकडे ती, पलीकडे तो, मध्ये नदी. हे प्रेम कुठल्याही राजकन्येच्या प्रेमापेक्षा जास्त खरं आहे, आणि ते लिहिताना त्या बायांना रंगमहालातल्या शोभेच्या बाहुल्या करायचं नाही, त्यांचा देवळाशी असलेला करार, त्यांचं पोट, त्यांच्या मुलांचं आडनाव हे सगळं मांडायचं.

पेडण्यात ऐतिहासिक कथा जिवंत नाही असं मात्र कुणी समजू नये. जत्रेच्या रात्री देवळासमोर मांडव पडतो, दशावतारी येतात, गावची हौशी मंडळी ऐतिहासिक नाटक उभं करतात. दिवसा बागायतीत घाम गाळणारा माणूस रात्री जिरेटोप घालतो आणि पल्लेदार स्वगत एका दमात म्हणतो. समोर गोणपाटावर बसलेल्या बायका डोळे पुसतात. ही भूक एवढी खरी आहे. फक्त त्या मंचावरचा रायगड असतो, पन्हाळा असतो. चालत दहा मिनिटांवरचा आपला किल्ला नसतो.

लिहायला बसणाऱ्याला एक सांगतो. 5 मे ही तारीख नुसती सनावळी म्हणून सोडून देऊ नका. मे महिन्याचा आरंभ म्हणजे वैशाखातला उकाडा, फणस पिकायला आलेले, पावसाला जेमतेम महिना. पावसाळ्यात या मुलखात तोफा हलत नाहीत, होड्या थांबतात. म्हणजे फिरंग्याला घाई होती आणि किल्ल्यातल्या माणसांची आशा पावसावर होती. एवढ्यातच प्रकरण उभं राहतं. नायिकेच्या हाती चहाचा पेला देऊ नका, तो तिच्या काळात नाही. उकड्या तांदळाची पेज द्या, ती आहे. तिला कोल्हापुरी ठसक्यात बोलायला लावू नका. तिची भाषा इथली, कोकणी-मालवणी वळणाची, आणि दरबारी पत्र लिहायची वेळ आली की मराठी. तिला काय करता येत नव्हतं, हे आधी नीट समजून घ्या. पळून जाणं, एकटीने प्रवास करणं, नकार देणं यांची किंमत 1746 मध्ये काय होती, ते कळल्याशिवाय तिचं प्रेम कळत नाही. नाहीतर ती आजच्या मालिकेतली मुलगी नऊवारी नेसून उभी राहते, आणि अशा पुष्कळ उभ्या राहिल्या आहेत.

गेल्या काही वर्षांत हळर्णचा किल्ला दुरुस्त झाला. मोप्याचा विमानतळ 2023 पासून सुरू आहे, त्यामुळे माणसं या बाजूला वळू लागली आहेत. तिथे येणाऱ्याला पाटी वाचून कळतं की किल्ला भोसल्यांचा, जिंकला पोर्तुगिजांनी. त्या मे महिन्यात आत कोण होतं, कोण कुणाला मागे ठेवून निघालं, कुणी नदी ओलांडली आणि कोण राहिलं, हे पाटीवर मावणार नाही. त्यासाठी कादंबरी लागते, आणि ती लिस्बनने आपल्या मुलीसाठी दोनदा लिहून घेतली.