सायलॅबमधले टक्क्याचे चिन्ह

१८३२ साली स्थापन झालेले आणि आज गिरगाव चौपाटीसमोर उभे असलेले विल्सन महाविद्यालय असो की उपनगरातले एखादे नवे अभियांत्रिकी महाविद्यालय असो, गणिताच्या विद्यार्थ्याला आता वहीच्या जोडीला समीकरणे सोडवणारे, आलेख काढणारे आणि मॅट्रिक्सवर, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीवर, एका आज्ञेत क्रिया करणारे सॉफ्टवेअर लागते. विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता अशी गणिते करता यावीत म्हणून क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात मॅटलॅब लिहिले. १९८४ मध्ये मॅथवर्क्स कंपनी निघाली आणि ते परवान्याने विकले जाऊ लागले. फ्रान्समधील इन्रिया या सरकारी संशोधनसंस्थेत घडलेले सायलॅब मात्र १९९४ पासून मोफत मिळते.

ते महाविद्यालयांत रुजवण्याचे काम पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी या प्रकल्पाने केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्यावर हाती घेतले. प्रमाणित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेऊन ती सर्वांसाठी खुली करणे, हा त्याचा सर्वांत उपयुक्त उपक्रम म्हणावा लागेल. याच संस्थेत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्युटोरियल सुरू झाले. सुमारे दहा मिनिटांच्या या चित्रफितींत पडदा इंग्रजीत असतो आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळू शकते. एका बाजूला चित्रफीत व दुसऱ्या बाजूला सायलॅब उघडून, थांबत थांबत तीच कृती स्वतः करायची, अशी ही पद्धत आहे. चित्रफिती एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटवाचूनही चालतात, त्यामुळे गिरगावातल्या चाळीच्या खोलीत बसूनही अभ्यास होऊ शकतो.

नवशिक्याची पहिली अडचण बहुधा टक्क्याच्या चिन्हापाशी येते. मॅटलॅबमध्ये या चिन्हापुढचा मजकूर टीप समजून सोडून दिला जातो, तर सायलॅबमध्ये टीप दोन तिरप्या रेघांनी सुरू होते आणि टक्क्याचे चिन्ह पाय, ई किंवा काल्पनिक एकक यांसारख्या स्थिरांकांच्या नावाआधी लावावे लागते. त्यामुळे मॅटलॅबच्या पुस्तकातून नुसता पाय उतरवून घेतला, तर सायलॅब असे चल ठाऊक नसल्याचे सांगून थांबते. हा हट्ट निरर्थक नाही. मॅटलॅबमध्ये आवर्तने मोजण्यासाठी आय हे अक्षर वापरले की त्याच नावाचे काल्पनिक एकक झाकले जाते. सायलॅबमध्ये टक्क्याआडचे स्थिरांक बदलताच येत नाहीत, आणि साधी अक्षरे विद्यार्थ्याला मोकळी राहतात. नियम लहान आहे, पण स्थिर मूल्य आणि बदलते मूल्य यांतला फरक तो पहिल्याच तासाला शिकवतो.

खऱ्या अडचणी यापुढच्या आहेत. नोकरीच्या जाहिरातींत मॅटलॅबचे नाव असते आणि त्याच्या जोडीची विशेष साधने सायलॅबमध्ये त्याच रूपात नसतात. जुन्या चित्रफिती सायलॅबच्या पाचव्या मालिकेवर बेतलेल्या आहेत, तर २०१७ मध्ये सहावी मालिका आली, तेव्हा पडद्यावर दिसणारे सगळेच चित्रफितीशी जुळत नाही. सर्वांत चिंतेची बाब म्हणजे उलट्या तिरप्या रेघेची आज्ञा. समीकरणांचा संच या एका चिन्हाने सुटतो, आणि संच जवळजवळ परस्परावलंबी असला, तर सायलॅब इशारा देऊन किमान वर्गांच्या पद्धतीने, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी राहील अशा रीतीने, उत्तर काढते. ते उत्तर समीकरणांची अचूक उकल असेलच असे नाही. जर्नलमध्ये आकडा उतरवण्याच्या घाईत तो इशारा वाचला जात नाही, आणि केवळ आकडा तपासणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत ही उणीव उघडही होत नाही. गणित शिकवणाऱ्यांनी प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच आठवड्यात असा एक बिघडलेला संच मुद्दाम द्यावा, आणि इशाऱ्याचा अर्थ विद्यार्थ्याकडून मराठीत लिहून घ्यावा.