रंग न पाहणाऱ्यांचा वर्णभेद

अमेरिकेतल्या वर्णभेदाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘मी माणसाचा रंग पाहतच नाही, त्यामुळे माझा या प्रश्नाशी संबंध नाही.’ हे म्हणणारा बहुधा सुशिक्षित, उदारमतवादी गोरा असतो आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणूनच हा गैरसमज इतका चिवट आहे. वर्णभेद म्हणजे मनातला द्वेष, असं एकदा गृहीत धरलं की ज्याच्या मनात द्वेष नाही तो आपोआप निर्दोष ठरतो. मग दोषी उरतात ते पांढरे झगे घालून क्रूस पेटवणारे कू क्लक्स क्लानचे लोक, किंवा १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांवर पोलिसी कुत्रे आणि पाण्याचे बंब सोडणारा बुल कॉनर. बाकी सगळे सज्जन. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सर्वांत टिकाऊ नुकसान ज्या व्यवस्थांनी केलं, त्या चालवायला द्वेषाची गरजच नव्हती. नियम पाळणारे कारकून पुरेसे होते.

घरांचंच पाहा. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी नेमलेल्या सरकारी महामंडळाने शहरांचे नकाशे तयार केले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोकादायक’ म्हणून दाखवल्या. १९३४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी गृहकर्ज विम्याने तीच दृष्टी स्वीकारली. अशा वस्तीत कर्जाला विमा नाही, विमा नाही म्हणून कर्ज नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभं राहिलं तेव्हा तिथल्या करारात, गोरे नसलेल्यांना तिथे राहता येणार नाही असं कलम होतं. घरकामाला ठेवलेल्या नोकरांचा तेवढा अपवाद. ही कलमं न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं, आणि घरविक्रीतला भेदभाव कायद्याने बंद व्हायला १९६८ उजाडलं. तोवर गोऱ्यांच्या एका पिढीच्या हाती घरं आली होती आणि कृष्णवर्णीयांच्या पिढीच्या हाती भाड्याच्या पावत्या. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर. या दरीला इतरही कारणं आहेत, पण वारशाने मिळालेलं घर हे त्यातलं मोठं कारण आहे. आजोबांच्या घराच्या जोरावर कॉलेजचं शिक्षण कर्जाविना पुरं करणाऱ्या मुलाने कुणाचाही द्वेष केलेला नसतो. आपण रंग पाहत नाही हे त्याचं म्हणणं खरं असू शकतं. त्या घराच्या कर्जाने मात्र रंग पाहिला होता.

‘हा झाला इतिहास, आता तसं राहिलेलं नाही,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्यात तथ्यही आहे. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातल्या विवाहाला १९५८ मध्ये अवघ्या ४ टक्के अमेरिकनांची मान्यता होती, २०२१ मध्ये ती ९४ टक्क्यांवर गेली, असं गॅलपचे आकडे सांगतात. हा बदल थोडाथोडका नाही. पण लोक पाहणीत काय सांगतात आणि नोकरी देताना काय करतात, या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावांचा. एमिली किंवा ग्रेग अशा नावांना लाकिशा किंवा जमाल अशा नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक वेळा बोलावणं आलं. २००४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा काहींनी शंका काढली की ही नावं वंशाइतकीच गरिबीही सुचवतात. शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर आधीच मिळालेलं होतं. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकीत प्रत्यक्ष तरुण मुलं नोकरी मागायला पाठवली होती. त्यांचा २००३ चा निष्कर्ष असा: तुरुंगात जाऊन आल्याचं सांगणाऱ्या गोऱ्या अर्जदाराला १७ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, तर कोणताही गुन्हा नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४ टक्के ठिकाणांहून. हे मालक काही क्लानचे सभासद नव्हते. आपण रंग पाहत नाही, असंच त्यांच्यातल्या बहुतेकांनी सांगितलं असतं.

दवाखान्यातही हेच दिसतं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दलचं किमान एक तरी खोटं विधान खरं मानलं. त्यांची कातडी जाड असते, हे त्यातलंच एक. असं मानणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेचा अंदाज कमी बांधला आणि त्यांच्या उपचारांच्या शिफारशीही कमी अचूक निघाल्या. हेतू विचारला तर रुग्णाला बरं करण्याचाच. मनात द्वेष आहे का, हा एकच प्रश्न विचारत राहिलं तर हा प्रकार पकडताच येत नाही.

‘पण रंग न पाहणं हे तर मार्टिन ल्यूथर किंग यांचंच स्वप्न होतं,’ असं यावर तावातावाने सांगितलं जातं, तेव्हा संयम सुटतो. ते स्वप्न जिथे पोहोचायचं त्या ठिकाणाचं होतं. तिथे पोहोचल्यासारखं वागा, असं किंग यांनी कधीच सांगितलं नाही. १९६४ च्या ‘व्हाय वी कान्ट वेट’ या पुस्तकात ते नुकसानभरपाईच्या खास कार्यक्रमांची बाजू मांडतात, आणि त्यासाठी दाखला देतात तो भारताचा. अस्पृश्यांना प्रवेशात प्राधान्य देण्याच्या धोरणाबद्दल नेहरूंशी झालेलं बोलणं त्यांनी तिथे नोंदवलं आहे. आरक्षणावरचे वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ‘जात पाहूच नका’ हा सल्ला बहुधा कोणाकडून येतो, हे सांगायला नको. अमेरिकेतही संविधान रंग पाहत नाही, हे विधान ज्या १८९६ च्या निकालातून वारंवार उचललं जातं, त्यात ते न्यायमूर्ती हार्लन यांच्या एकट्याच्या विरोधी मतात आलेलं आहे. त्यांनी रेल्वेच्या डब्यांतली विभागणी नाकारली, हे त्यांचं मोठेपण खरंच. पण त्याच मतात, गोरा वंश संपत्तीत आणि सत्तेत वरचढ आहे आणि तसाच राहील, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला आहे, आणि चिनी लोकांविषयी अवमानकारक मजकूरही आहे. रंग न पाहण्याची घोषणा आणि वर्चस्वाची खात्री एकाच मनात सुखाने नांदू शकतात, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

किरकोळ गैरसमज इथेच निपटून टाकू. वर्णभेद फक्त दक्षिणेत होता हे खोटं आहे: १९६६ मध्ये किंग यांच्या डोक्यात दगड बसला तो उत्तरेतल्या शिकागोत. गरीब गोऱ्यांना कसला फायदा, या प्रश्नाचं उत्तर असं की गोरं असणं गरिबीपासून वाचवत नाही, पण गरिबीवर वंशाचा आणखी एक अडथळा चढवत नाही. नियमात वंशाचा उल्लेख नसला म्हणजे तो नियम निष्पक्ष, हेही खोटं: १९८६ च्या कायद्यात क्रॅक कोकेनला भुकटीच्या कोकेनपेक्षा शंभरपट कडक मोजमाप लावलं गेलं, वंशाचा शब्दही न लिहिता, आणि फटका मुख्यतः कृष्णवर्णीयांना बसला.

आता साथ देणाऱ्या गोऱ्यांकडे वळू. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांच्या गुलामीविरोधी चळवळीचं मोल जराही कमी नाही. पण त्याच चळवळीत, गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना त्यांचे गोरे सहकारी सुचवत असत की त्यांनी केवळ आपली हकिगत सांगावी, विचार मांडण्याचं काम आमच्यावर सोडावं. डग्लस यांनी १८४७ मध्ये स्वतःचं वृत्तपत्र काढायचं ठरवलं, ते गॅरिसन यांच्यासारख्या निष्ठावंत साथीदारालाही रुचलं नाही. साथ द्यायची, पण सूत्रं आपल्याच हाती ठेवायची, ही खोड तेव्हापासूनची आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत नागरी हक्क चळवळीच्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला. दोघे गोरे, एक कृष्णवर्णीय. सारं राष्ट्र शोधाला लागलं, आणि त्याच शोधात याआधी मारल्या गेलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांची प्रेतं सापडली, ज्यांच्यासाठी कोणतीही शोधपथकं निघाली नव्हती. त्यांतला कृष्णवर्णीय कार्यकर्ता, जेम्स चेनी, एकटा बेपत्ता झाला असता तर एवढा गाजावाजा झालाच नसता, हे मारल्या गेलेल्या मायकेल श्वर्नर यांच्या पत्नी रीटा यांनी तेव्हाच जाहीरपणे सांगितलं. त्या स्वतः गोऱ्या होत्या. २ जून २०२० रोजी कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून लाखो लोकांनी समाजमाध्यमांवर काळे चौकोन टाकले आणि आंदोलनाची उपयुक्त माहिती त्या चौकोनांखाली गाडली गेली. सद्भावनेत खोट नव्हती, पण कार्यकर्त्यांना नेमकं काय हवं आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

याच्या उलटा दोष म्हणजे सतत आत्मनिर्भर्त्सना करत राहणं. कार्यशाळेत बसून स्वतःच्या पापांची यादी वाचणारा गोरा माणूस शेवटी स्वतःविषयीच बोलत असतो. कृष्णवर्णीय भाषातज्ज्ञ जॉन मॅकव्होर्टर यांनी २०२० मध्ये या शैलीवर टीका केली ती याचसाठी, की तिच्यात कृष्णवर्णीय माणूस फार हळवा, जपून वागवण्याचा प्राणी ठरतो. त्यांची सगळी मतं पटोत न पटोत, ही टीका मात्र अचूक आहे. अपराधी भावनेने कर्ज मिळत नाही की नोकरी.

उपयोगी साथ कशी असते याचं उदाहरण केंटकीतल्या लुइव्हिलचं आहे. १९५४ मध्ये अँड्र्यू वेड या कृष्णवर्णीय गृहस्थांना उपनगरात घर हवं होतं आणि कोणी विकत नव्हतं. त्यांनी ॲन आणि कार्ल ब्रेडन या गोऱ्या दांपत्याला गाठलं: तुमच्या नावावर घर घ्या आणि आमच्या नावे करून द्या. ब्रेडन दांपत्याने सांगितलं तेवढंच केलं. काही आठवड्यांत ते घर स्फोटाने उडवलं गेलं. स्फोट करणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली ती राजद्रोहाच्या आरोपाखाली कार्ल ब्रेडन यांना, पंधरा वर्षांची. काही महिने तुरुंगात काढल्यावर ती रद्द झाली. ॲन ब्रेडन २००६ मध्ये वारल्या, आणि तोवर त्यांचं काम मुख्यतः गोऱ्यांमध्येच राहिलं: त्यांच्या वस्त्यांत, त्यांच्या चर्चमध्ये, त्यांच्या संघटनांत.