खंदकातली माती

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही आठवीच्या मुलांना घेऊन कॅम्पातून पायी बेळगावच्या किल्ल्याकडे गेलो होतो. रट्ट राजवटीतील बिचिराजाने १२०४ साली उभारलेली कमल बसदी, १५१९ सालची साफा मशीद, १८१८ साली जनरल मन्रोने घातलेला वेढा, असे सगळे काही आम्ही मुलांना सांगत होतो. मुले ऐकतही होती. इतक्यात खंदकाच्या काठाशी वाकून पाहत असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एवढा मोठा खंदक खणला, मग त्यातली माती गेली कुठे?”

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर! राजांची सनावळी आमच्या जिभेवर होती, मातीचा हिशेब मात्र आम्ही कधी मांडला नव्हता. घरी परतल्यावर चार पुस्तके चाळली, पुन्हा एकदोनदा किल्ल्याला फेरी घातली, तेव्हा ध्यानात आले की, ह्या साध्या प्रश्नात दुर्गविद्येचे अर्धे मर्म साठविलेले आहे. ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते : खंदकातली माती तटात गेली. खड्डा खणावयाचा आणि निघालेली माती आतल्या अंगाला रचावयाची, म्हणजे एकाच श्रमात शत्रूला दोन अडथळे निर्माण होतात. खंदक दोन पुरुष खोल आणि बांध दोन पुरुष उंच असला, तर तळाशी उतरलेल्या शत्रूला माथा चार पुरुष उंच भासतो. जगात जेथे जेथे माणसाने प्रथम कोट बांधले, तेथे तेथे बहुधा ही जोडी आढळते. दगडी चिरेबंदी तट हे पुढचे पाऊल होय. पुष्कळ ठिकाणी तर दगडी भिंत हे जुन्या मातीच्या बांधावर चढविलेले केवळ चिलखत असते.

आता ह्या श्रमाचा थोडा हिशेब करून पाहू. एखादा खंदक वर १० मीटर रुंद व मध्यभागी ४ मीटर खोल आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू उतरत्या आहेत, असे समजा. त्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे २० घनमीटर माती निघेल. एका घनमीटर मातीचे वजन दीड हजार किलो आणि एका पाटीत २० किलो माती मावते असे धरले, तर एका मीटरसाठी १,५०० पाट्या उचलाव्या लागतील. अशा कोटाचा घेर अवघा एक किलोमीटर असला, तरी पाट्यांची संख्या १५ लाख होते. शिलालेखात राजाचे नाव असते, दानाचा तपशील असतो. ह्या पाट्या वाहणाऱ्या बायाबापड्यांचे नाव कोठेही नसते. त्यांची सही म्हणजे तो बांध.

आमच्या प्रदेशात ह्या कामाला निसर्गाचे एक साहाय्य आहे. बेळगावपासून कोकणापर्यंत जांभा दगड विपुल आहे. आमच्या कोकणी घरांत त्याला ‘चिरो’ म्हणतात. फ्रान्सिस बुकॅनन ह्या प्रवाशाने १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. त्याच्या मुळाशी विटेसाठी असलेला लॅटिन शब्द आहे. जमिनीत असताना हा दगड लोखंडी हत्याराने कापण्याइतका मऊ असतो व उघड्या हवेत राहिला की कठीण होतो. म्हणून जांभ्याच्या मुलुखात खंदक खणणाऱ्याला वरची सैल माती भरावासाठी आणि खालचा चिरा बांधकामासाठी, अशी दोन्ही सामग्री एकाच खड्ड्यातून मिळू शकते.

ह्या मातीचे मोल शत्रूही जाणून असे. १४७२ साली बहमनी सुलतान तिसरा महंमदशहा व त्याचा वजीर महमूद गवान यांनी बेळगावला वेढा घातला. त्याचा वृत्तांत फरिश्ता ह्या इतिहासकाराने दिला आहे. खंदक खोल होता आणि पाण्याने भरलेला होता. वेढा घालणारे दिवसा माती व लाकडे टाकून तो बुजवू पाहत आणि किल्ल्यातील लोक रात्री ती सारी भर उपसून काढीत. अखेर दारूचे सुरुंग लावून तट फोडावा लागला. दख्खनमध्ये तोवर हा प्रकार अपरिचित होता, असे फरिश्ता म्हणतो. म्हणजे किल्ल्याचे भवितव्य काही काळ तरी शब्दशः पाटीभर मातीवर अवलंबून होते!

बेळगावचा किल्ला सपाटीवरचा आणि राबता असलेला. तो ओळखावयास कष्ट पडत नाहीत. परंतु ज्या डोंगरावर वस्ती उरली नाही, चिरे लोकांनी घरे बांधावयास नेले आणि रान माजले, तेथे कोट होता हे कशावरून ओळखावे? येथे ती मातीची जोडीच आपल्या उपयोगी पडते. पावसाने कोरलेली घळ उताराच्या दिशेने खाली धावते. माणसाने खणलेला चर उताराला आडवा, डोंगराच्या कमरेला करगोटा बांधावा तसा जातो. पाणी असा मार्ग कधी घेत नाही. अशा आडव्या चराच्या आतल्या अंगाला लांबट उंचवटा दिसला, की तेथे मनुष्याचा हात लागला असावा असे समजून थांबावे. बांधात खिंड दिसली, तर तिच्यासमोरचा चर पाहावा. चरही तेथे खणावयाचा सोडलेला असेल, तर ती मूळ दरवाजाची जागा असण्याचा संभव मोठा. चर अखंड असेल, तर खिंड बहुधा मागाहून पडलेली. उन्हाळ्यात बुजलेल्या चरात ओल अधिक टिकते, म्हणून तेथील गवत उशिरा वाळते. आणि ही पाहणी सकाळी किंवा सायंकाळी करावी. तिरप्या उन्हात हातभर उंचवट्याचीही सावली पडते.

ही नजर जगाला देणाऱ्यांत मॉर्टिमर व्हीलर यांचे नाव अग्रभागी आहे. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल नावाचा एक प्राचीन डोंगरी कोट आहे. तेथे आज हिरवळीने झाकलेले चर आणि बांध एकापुढे एक पसरलेले दिसतात. व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ ह्या काळात तेथे उत्खनन केले. पुढे १९४४ ते १९४८ पर्यंत ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते आणि १९४७ साली त्यांनी आपल्याच कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे खोदकाम केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले बी. बी. लाल यांनी १९४८ साली ओरिसातील शिशुपालगड ह्या सपाटीवरील प्राचीन नगराचा तट आडवा कापून पाहिला. आत प्रथम चिकणमातीचा प्रचंड बांध लागला. तळाशी त्याची रुंदी सुमारे ३३ मीटर व उंची साडेसात मीटर होती. त्यावर पुढच्या काळात जांभ्याच्या मुरुमाचा थर चढविलेला होता आणि विटांच्या भिंती त्याहून नंतरच्या होत्या. महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यातील पवनी येथेही जुन्या नगराभोवती मातीचा तट व खंदक आहे.

रानाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आज आपण गडावरची झाडी म्हणजे ऱ्हासाची खूण समजतो. रामचंद्रपंत अमात्यांची समजूत निराळी होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या ‘आज्ञापत्रा’त त्यांनी गडाच्या घेऱ्यातील झाडी प्रयत्नपूर्वक वाढविण्याची व राखण्याची ताकीद दिली आहे. दाट रान हा गडाचा आणखी एक कोटच होय. खानापूर तालुक्यातील शिवकालीन भीमगड आजही अशा घनदाट अरण्यात उभा आहे. तेथील जंगल २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. पिंपळ व उंबर चिऱ्यांच्या सांध्यांत शिरून भिंत फोडतात हे खरे. परंतु मातीच्या बांधाला रान मारक नसून बहुधा तारकच ठरते. पाचोळा पावसाचा मारा सोसतो, मुळे माती धरून ठेवतात आणि मुख्य म्हणजे जेथे रान आहे, तेथे नांगर फिरत नाही. एवढी शतके पावसाने जे पुसले नाही, ते सपाटीकरणाचे यंत्र एका दुपारी पुसून टाकू शकते.

म्हणून आमची विद्यार्थी मित्रांना एक कळकळीची विनंती आहे. अशा जागी गेलात, तर पाहा, पावलांनी मोजा, वहीत नकाशा काढा. परंतु खणू नका. चराच्या तळाशी रुतलेली एखादी खापरी कोणत्या थरात आहे, यावरूनच जाणकारांना तिचा काळ आणि कोटाचे वय सांगता येते. हौसेने उकरलेली खापरी हाती येते, पण तिची साक्ष नाहीशी होते. जुना चर दिसला की त्यात कचरा लोटणे आणि जुना बांध दिसला की त्याची माती भरावाला नेणे, ह्या दोन्ही सवयी आपल्या समाजात आहेत. फाटके पुस्तक पुन्हा छापता येते. वाहून नेलेला बांध पुन्हा रचला, तर तो केवळ मातीचा ढीग होतो.

दुसऱ्या फेरीच्या वेळी तो विद्यार्थी आमच्याबरोबर होता. पाट्यांचा हिशेब त्यानेच वहीत मांडला. पंधरा लाखांचा आकडा पाहून तो बराच वेळ गप्प राहिला, मग हलकेच म्हणाला, “सर, मग दमले असतील हो ते!” इतक्या वर्षांत इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत आम्हांला इतके खरे वाक्य क्वचितच वाचावयास मिळाले आहे.